वाचक विचारतात : मोटारसायकलसाठी घरी कोणती हत्यारं ठेवावीत?

गाडीची बारीकसारीक कामं घरीच करणाऱ्या वाचकांचे हत्यारांविषयीचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. एकाच अर्थाची पत्रं आली तिथे एकच निवडलं आहे.

माझी स्प्लेंडर आणि भावाची पल्सर १५०. ऑइल बदलणं, प्लग बघणं, चेन आणि ब्रेक अॅडजस्ट करणं एवढीच कामं घरी करायची आहेत. ऑनलाइन १०८ नगांची पेटी स्वस्तात दिसते. ती घ्यावी, की कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या बाजारातून सुटे पाने आणावेत? — एक वाचक, राजारामपुरी

सुटे आणा. १०८ नग म्हणजे नेमकं काय हे पेटी उघडल्यावर कळतं. निम्मे तर बोटाएवढे बिट असतात, वर इंच मापाच्या गोट्या, म्हणजे सॉकेट, ज्या तुमच्या दोन्ही गाड्यांना आयुष्यात लागणार नाहीत. आणि ज्याच्यावर खरा जोर येतो तो गोट्या फिरवायचा दांडा, म्हणजे रॅचेटच, त्यात सर्वांत हलका निघतो.

आधी गाडीला काय लागतं ते बघा. जपानी वंशाच्या गाड्यांवर, म्हणजे हिरो, होंडा, यामाहा, सुझुकी यांच्यावर, मापांचं गणित ठरलेलं आहे : ६ मिमी जाडीच्या बोल्टला १० चा पाना, ८ मिमीला १२ चा, १० मिमीला १४ चा, १२ मिमीला १७ चा. इंजिनच्या कव्हरवर पुष्कळदा लहान डोक्याचे, ८ चा पाना लागणारे बोल्ट असतात. युरोपीय पद्धतीच्या बोल्टमध्ये त्याच ८ मिमी जाडीला १३ चा पाना लागतो. म्हणून १३ जवळ हवाच. तेराच्या नटाला चौदाचा पाना लावून ‘चालतंय की’ म्हटलं, की नटाचे कोपरे गेलेच समजा. ११, १५, १८ ही मापं मात्र तुमच्या कामांना जवळपास लागतच नाहीत, आणि तयार संचात पैसे त्यांचेही मोजावे लागतात.

तेव्हा खरेदी अशी करा. एका टोकाला फिक्स आणि दुसऱ्या टोकाला रिंग असलेले कॉम्बिनेशन पाने सुटे घ्या : ८, १०, १२, १३, १४, १७, १९. त्यातला १० चा दोन नग घ्या, कारण चेनच्या अॅडजस्टरवर एक नट धरून दुसरा फिरवावा लागतो. टी पाने, म्हणजे इंग्रजी टीच्या आकाराचे, ८, १० आणि १२ चे. गाडीची सत्तर टक्के कामं या तीन टींवर निघतात. गोट्या ३/८ इंची, म्हणजे तीन सुती ड्राइव्हच्या (ड्राइव्ह म्हणजे रॅचेट बसतो ते चौकोनी भोक) घ्या, ८ ते १९ पर्यंत. सोबत ७५ आणि १५० मिमीची एक्स्टेन्शन. अर्धा इंची ड्राइव्ह मोटारीला ठीक आहे. दुचाकीत तो अडचणीच्या जागी शिरत नाही, आणि त्याच्या लांब दांड्यामुळे हात नको तितका आवळतो. एलन की ४, ५, ६, ८. एक नोज प्लायर, हवेच्या दाबाचा गेज आणि प्लगचा पाना.

प्लगचा पाना प्लगच्या आट्यांवर ठरतो. १० मिमी आट्यांच्या प्लगला १६ चा, १२ मिमीला १८ चा, जुन्या १४ मिमीवाल्याला २१ चा लागतो. आत रबर असलेला घ्या, म्हणजे प्लग वर येताना निसटून चिनी मातीला तडा जात नाही. नवा प्लग आधी हातानेच शेवटपर्यंत फिरवायचा आणि वॉशर टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा द्यायचा. जुनाच परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो. फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरे.

आता पारख. पान्यावर क्रोम व्हॅनेडियम कोरलेलं असणं ही काही खात्री नव्हे, ते कुणीही कोरतं. दुकानात जाताना ६ मिमीचा आणि ८ मिमीचा असे दोन नवे बोल्ट खिशात घेऊन जा. १० चा पाना पहिल्यावर चढवून डावी-उजवीकडे हलवा. बोल्ट न फिरता पानाच नजरेला दिसेल इतका हलत असेल, तर तो परत ठेवा. गोटी तोंडाकडून बघा : आतले कोन कडेपर्यंत सरळ आलेले हवेत. तोंडाशी मोठा उतार दिलेला असेल तर ती बोल्टच्या पातळ डोक्याला वरवरच धरते. गोटी सहा कोनी मागा. बारा कोनी अडचणीत पटकन बसते खरी, पण गंजलेल्या नटाचे कोपरे तीच खाते. रॅचेट कानाशी नेऊन फिरवा. ७२ दात्यांचा असेल तर दर पाच अंशांना टिक वाजते. २४ दात्यांच्या रॅचेटला एकेका दात्यासाठी पंधरा अंश हात हलवावा लागतो आणि फ्रेम व इंजिनच्या मधे तेवढी जागाच नसते.

छापाचं म्हणाल तर पान्यांसाठी नाशिकचा टपारिया किंवा लुधियाना-जालंधरकडच्या जुन्या, नाव असलेल्या कारखान्यांचा माल घरच्या कामाला भरपूर झाला. परदेशी पान्यांवर दुप्पट-तिप्पट घालवू नका. ते पैसे स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्क पान्यासाठी, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकंच आवळायला मदत करणाऱ्या पान्यासाठी, राखा. नामांकित छापांची नक्कलही बाजारात फिरते. मापाचे आकडे पुसट किंवा वाकडे उमटलेले असतील, कडेला क्रोमचे पापुद्रे दिसत असतील, तर दुकानदार कितीही ओळखीचा असो, माल नको. आणि पक्कं बिल घ्या. चांगल्या छापाचा पाना फुटला तर बदलून मिळू शकतो, पण बिल असेल तरच.

समोरच्या ब्रेकच्या तेलाच्या डबीवरचे दोन स्क्रू काढताना डोकी झिजली. ड्रायव्हर नवा होता. स्क्रूच हलके असतात का? — एक वाचक, फुलेवाडी

स्क्रू हलके नाहीत. ड्रायव्हर वेगळ्या जातीचा होता.

चौकडीचे स्क्रू दिसायला सारखे असले तरी दोन घराण्यांचे आहेत. आपल्याकडे सर्रास मिळतो तो फिलिप्स. जपानी वंशाच्या गाड्यांवरचे स्क्रू जपानी मानकाचे, म्हणजे जेआयएस असतात. त्यांची खाच किंचित वेगळ्या आकाराची असते. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण तळाला बसत नाही, वरच्या कडांवर टेकतं, आणि जोर दिला की उसळून बाहेर येताना कडा सोबत घेऊन येतं. पुष्कळ जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर एका कोपऱ्यात बारीक ठिपका असतो. तो दिसला की फिलिप्स खाली ठेवायचा.

जेआयएस ड्रायव्हर लक्ष्मीपुरीत प्रत्येक दुकानात असेलच असं नाही, पण मागवता येतो. दोन मापं पुरेत. २ नंबर हा ३ ते ५ मिमी स्क्रूंना, ३ नंबर हा ६ मिमीला. इंजिन कव्हरवरचे चौकडीचे स्क्रू बहुधा ६ मिमीचे असतात, आणि लोक त्यांना २ नंबरच लावतात. निम्मी डोकी तिथेच जातात.

काढायची रीत अशी. खाचेतली माती दाभणाने कोरून काढा. ड्रायव्हर सरळ उभा धरून मुठीवर हातोडीचे दोन हलके ठोके द्या, म्हणजे टोक तळाला बसतं आणि आट्यांतला गंजही हलतो. मग दाबायला जास्त जोर आणि फिरवायला कमी. डोकं अर्धवट गेलं असेल तर तिथेच थांबा. पातळ रबराचा तुकडा मधे ठेवून एकदा बघा. नाहीच हललं तर डोक्याच्या कडेला बारीक छिन्नी तिरकी लावून हळूहळू उलटं ठोका.

इंजिन कव्हरच्या घट्ट स्क्रूंसाठी हातोडी मारून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो. घरात एक असावाच. मात्र तो ब्रेकच्या डबीवर वापरू नका. ती अॅल्युमिनियमची, हँडलला दोन बोल्टांवर लटकलेली असते. धक्क्याने तडा गेला तर स्क्रूऐवजी मास्टर सिलिंडर घ्यावा लागेल. दुसरं म्हणजे डबी उघडण्याआधी टाकीवर ओला फडका टाका. ब्रेकचं तेल रंग खातं.

ऑइल बदलताना ड्रेन बोल्ट कचकून आवळला, आता तिथून थेंब थेंब गळतं. मिस्त्री म्हणतो आटे गेले. टॉर्क पाना घ्यायलाच हवा का? — एक वाचक, इचलकरंजी

छोट्या गाड्यांचा ड्रेन बोल्ट पोलादी आणि इंजिनचा तळ अॅल्युमिनियमचा, त्यामुळे कुस्तीत हरणार कोण हे ठरलेलंच. अशा १२ मिमी आट्यांच्या, १७ चा पाना लागणाऱ्या बोल्टला साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) पुरतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. आता २० सेंमी लांब पान्याच्या टोकाला २५ किलोचा हिसका बसला, तर २५ गुणिले ९.८ गुणिले ०.२ म्हणजे ४९ न्यूटन मीटर झाले. आणि २५ किलो म्हणजे धट्ट्याकट्ट्या माणसाला फार नव्हे.

आधी दुरुस्ती. टेफ्लॉन टेप, एम-सील, जाडा बोल्ट ठोकून बसवणं, यातलं काही करू नका. उद्यमनगरात आटे मारून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये हेलिकॉइल बसवून घ्या. पोलादी तारेचं ते वेटोळं मूळ अॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा जास्त टिकतं, आणि बोल्ट मूळ मापाचाच राहतो. टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, मारताना निघालेला कीस तेलात जाऊ नये म्हणून टॅपला ग्रीस लावायला सांगा. नंतर थोडं स्वस्त तेल ओतून धुऊन काढायला लावा.

पुढच्या वेळी असं करा. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करा. उकळतं नको. गाडी डबल स्टँडवर सरळ उभी असू द्या. तेल निथळलं की बोल्ट आणि भोक पुसून घ्या. अॅल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवा घाला. जुना दबलेला असतो, म्हणून गळतो, आणि गळतो म्हणून लोक आणखी आवळतात. तुमचंही बहुधा तिथूनच सुरू झालं असावं. बोल्ट निदान तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी गेला पाहिजे. नाही गेला तर तो तिरका बसतोय. मागे फिरवून पुन्हा लावा. तेलाच्या डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलं बघा, कारण मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात असतो. काढलेलं तेल गटारात ओतू नका, ते पंचगंगेला जातं. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, तो त्याच्या तेलासोबत विकतो.

टॉर्क पाना घ्या, पण माप बघून. दुकानात पहिला पुढे येतो तो अर्धा इंची, ४० ते २१० न्यूटन मीटरचा. तो मोटारीच्या चाकांसाठी. तुमची बहुतेक कामं १० ते ३० च्या दरम्यानची आहेत. ६ मिमी बोल्टला १० ते १२, ८ मिमीला २२ ते २७. म्हणून पाव इंची ड्राइव्हचा, ५ ते २५ चा आधी घ्या. ड्रेन बोल्टसाठी, किंवा चाकांचे नट खोलणार असाल तर, ३/८ चा, २० ते ११० चा नंतर. क्लिक टॉर्क पान्याचा आकडा त्याच्या कमाल मापाच्या पाचव्या हिश्शाच्या खाली भरवशाचा नसतो, हेही लक्षात ठेवा. ‘टक्’ वाजलं की थांबायचं; खात्री म्हणून दुसऱ्यांदा ओढायचं नाही. त्याने नट सैल करायचा नाही. ठेवताना माप सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं, त्याखाली ढिला करायचा नाही. आणि पुस्तिकेत किलोग्रॅम मीटर लिहिलं असेल तर ९.८ ने गुणा. त्यातला १.० आकडा न्यूटन मीटर समजून बोल्ट नुसता टेकवून ठेवलेल्या गाड्याही गॅरेजला येतात.

तोवर सामान तोलायचा हुकाचा काटा वापरून बघा. बोल्टच्या मध्यापासून बरोबर १५ सेंमीवर हूक अडकवून, पान्याला काटकोनात ७ किलो ओढलं की १० न्यूटन मीटर होतात. ड्रेन बोल्टसाठी २० सेंमीवर १४ किलो म्हणजे २७ च्या आसपास.

एकच मोठा स्क्रू पाना घेतला तर सगळी मापं भागतील ना? — एक वाचक, वडगाव

नाही. त्याचा एक जबडा सरकता, म्हणून नेहमी थोडा खुळखुळतो, आणि तो सहापैकी दोनच बाजू धरतो. नळ दुरुस्तीला ठेवा.

गगनबावडा रोडवर रोजचा प्रवास. पावसात चिखल, हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून पाचट उडतं. चेन सारखी ढिली होते. घरी अॅडजस्ट करायला काय लागेल आणि चुकतं कुठे? — एक वाचक, कळे

मागच्या अॅक्सलच्या नटाला बसणारी गोटी आणि पाना, १० चे दोन पाने, पोलादी फूटपट्टी आणि ग्रीस किंवा ९० नंबर गिअर ऑइल. अॅक्सलचा नट अंदाजाने घेऊ नका, कॅलिपरने दोन समोरासमोरच्या बाजू मोजून तेवढाच पाना आणा.

गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. चेनच्या खालच्या भागाच्या मधोमध बोटाने वर-खाली करून हालचाल मोजा. छोट्या गाड्यांना बहुधा २० ते ३० मिमी असते, तुमची पुस्तिका सांगेल ते खरं. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून सर्वांत ताठ जागा धरून माप ठरवायचं. सैल जागेवर ठरवलं तर ताठ जागी चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढते, आणि पुढचा ऑइल सील गळू लागतो.

अॅक्सलचा नट सैल करा. काही गाड्यांना आत आणखी एक स्लीव्ह नट असतो, तोही. मग दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर पाव-पाव फेरा, एकदा डावा एकदा उजवा. स्विंग आर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या, खुणा मदतीला आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका : दोन्हीकडे अॅक्सलपासून स्विंग आर्मच्या पिव्होट बोल्टपर्यंतचं अंतर मोजून ताडा. चाक तिरकं राहिलं की स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चक्राचे, दाते एकाच अंगाने झिजतात. अॅक्सल आवळल्यावर माप पुन्हा घ्या, कारण आवळताना चेन थोडी ताणली जाते.

लोक विसरतात ते पुढचं. ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकल्याने ब्रेकचा रॉड ताणला जातो. पेडलला मोकळी हालचाल २० ते ३० मिमी ठेवून रॉडचा नट परत लावा, ब्रेकचा दिवा लागतो-विझतो ते बघा. हे राहिलं तर ब्रेक चिकटून चालतो, आणि गगनबावड्याच्या घाटात उतरताना आधीच तापलेला ड्रम काही कामाचा राहत नाही.

अॅडजस्टरचा शेवट आला असेल, किंवा मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटाने ओढल्यावर दात्याचा निम्मा भाग उघडा पडत असेल, तर आता पान्याचं काम संपलं. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. साफ करताना साध्या चेनला रॉकेल चालतं. ओ-रिंगच्या, म्हणजे कड्यांत रबरी रिंगा असलेल्या, चेनला पेट्रोल लावू नका, रिंगा फुगतात.

वडिलांची जुनी कास्ट आयर्न बुलेट आहे. मिलिमीटरचे पाने बसतही नाहीत आणि बसल्यासारखेही वाटतात. — एक वाचक, शिवाजी पेठ

जुन्या बुलेटवर ब्रिटिश मापाचे नट बरेच आहेत. त्यातल्या व्हिटवर्थ पान्यांवरचा आकडा नटाच्या बाजूंचं अंतर सांगत नाही, बोल्टची जाडी सांगतो. म्हणून १/४ लिहिलेला पाना हातात धरल्यावर बराच मोठा दिसतो. शिवाय मधल्या काळात कुणी कुठे मिलिमीटरचा बोल्ट घातला असेल ते सांगता येत नाही. एक वही करा : कुठला नट, कुठला पाना बसला. १/८ ते १/२ पर्यंतचे व्हिटवर्थ रिंग पाने जुन्या बाजारात चांगल्या पोलादाचे मिळतात, रिंगच्या आतले कोपरे तीक्ष्ण असतील तर बिनधास्त घ्या. नव्या ३५० ला यातलं काही लागत नाही, ती पूर्ण मेट्रिक आहे.

२०२१ च्या पुरात पेटी दोन दिवस पाण्यात होती. पाने वाचवले, पण दर पावसाळ्यात गंज चढतो. — एक वाचक, शाहूपुरी

पान्यांवरचा गंज रॉकेल आणि बारीक स्टील वूलने काढा. सायट्रिक अॅसिडमध्ये रात्रभर भिजवू नका, क्रोमच्या फटींतून ते आत जातं आणि पापुद्रे सुटतात. पुसल्यावर इंजिन ऑइलचा नुसता हात फिरवा. फोमचे साचे असलेली पेटी टाकून द्या, फोम ओल धरून ठेवतो. पत्र्याची घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जमिनीऐवजी फळीवर ठेवा.

रॅचेट उघडून वाळवा आणि पातळ ग्रीस लावा, जाड ग्रीसने आतला खटका अडकतो. पाण्यात गेलेला टॉर्क पाना मात्र उघडू नका, त्यात डब्ल्यूडी-४० ही मारू नका. आतलं ग्रीस धुऊन निघतं आणि माप बदलतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कारखान्यांची हत्यारं जिथे कॅलिब्रेट होतात, तिथे तपासून घ्या. दुरुस्ती-तपासणीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल तर नवाच घ्या.